मायनस टूची पट्टी

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला उरण नाक्याजवळचा, टाइल्सच्या दुकानावरचा हॉल भरतो तेव्हा तिथे अठ्ठावीस गायक असतात आणि ऐकणारा एकच. तो एक म्हणजे दीनानाथ टिपणीस. तोही ऐकतो नाइलाजाने, कारण लॅपटॉप आणि मिक्सर त्याच्या ताब्यात असतो. एक जण गात असताना उरलेले सत्तावीस मोबाइलमध्ये मान घालून आपापल्या गाण्याचे शब्द पुटपुटत असतात. गाणं संपलं की टाळ्या पडतात. त्या वाजवताना कुणी मान वर करत नाही. आपल्या वेळी त्या परत मिळाल्या पाहिजेत, एवढंच त्या टाळ्यांचं कारण. स्वतःचं गाणं उरकलं की माणूस पाण्याची बाटली उचलतो, ‘घरी पाहुणे यायचेत’ म्हणतो आणि जिना उतरतो. शेवटी गाणाऱ्याच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या आणि दीनानाथ येतात.

ग्रुपचं नाव ‘वीकेंड मेलडीज’. कराओकेचा ग्रुप, म्हणजे वाद्यांचा तयार ट्रॅक लावायचा, पडद्यावर शब्द उमटतात, ते रंग बदलत जातात तसे म्हणत जायचं. ग्रुप काढला निनाद सबनीसने. वय चव्वेचाळीस, नोकरी ऐरोलीच्या आयटी कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस घरूनच. दर शनिवारी पहिला माइक तोच घेतो आणि पहिलं वाक्यही ठरलेलं. “फ्रेंड्स, पाच दिवस आपण बॉससाठी जगलो. आता दोन तास फक्त स्वतःसाठी!”

हे ऐकताना दीनानाथ मिक्सरच्या बटणांवरची धूळ पुसत असतो. तो तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. आठवडा सहा दिवसांचा, कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी. शनिवारची सकाळपाळी मिळावी म्हणून तो दर महिन्याला दोघातिघांची मनधरणी करतो. व्हॉल्व्ह फिरवून, रिअ‍ॅक्टरच्या जिन्यांवर चढउतार करून दमलेला माणूस कसा दिसतो, ते त्याला माहीत आहे. खुर्चीत बसून, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून जो थकवा येतो, त्याला तो थकवा मानायला तयार नाही. या लोकांना विसावा हवा नसतो, आरसा हवा असतो, असं त्याचं मत. आरसाही साधा चालत नाही. प्रत्येक जण गाण्याआधी टेबलाशी येऊन कुजबुजतो, “काका, एको जरा जास्त ठेवा हं.” एको वाढवला की आवाज विहिरीत पडलेल्या माणसासारखा घुमतो. पण घुमणाऱ्या आवाजात बेसूर लपतं, म्हणून सगळ्यांना विहीर आवडते. दीनानाथ मनातल्या मनात शिवी घालतो आणि विचारतो, “एवढा पुरे, की अजून देऊ?”

घरी शोभा, त्याची बायको, एकदा त्याला म्हणाली होती, “ऐकवत नाही म्हणता आणि दर शनिवारी जाता. मारून मुटकून नेतं का कुणी?”

त्यावर त्याने डबा हातात घेतला आणि चपला शोधायला लागला.

तो का जातो, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. एकोणिसाव्या वर्षी दीनानाथ पनवेलच्या एका ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायला लागला, पुढे कीबोर्डवर आला. तो ऑर्केस्ट्राही शनिवारचाच. कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाळेवाल्यांच्या सत्यनारायणाला, तळोज्यात कारखान्यांच्या वार्षिक पूजांना, उरणच्या बाजूला गावजत्रांना. समोर आठवडाभर सळ्या उचललेले माथाडी बसायचे. गाणं आवडलं तर ते वन्स मोअर मागायचे आणि मिळेपर्यंत मागायचे. नाही आवडलं तर एखादी चप्पल यायची. दीनानाथच्या मांडीवर एकदा आली होती, डाव्या पायाची. त्या चपलेबद्दल तो आजही आदराने बोलतो, कारण ती मारणाऱ्याने गाणं ऐकलेलं होतं. पुढे डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला, कीबोर्ड लोखंडी कपाटावर गेला. सहा वर्षांपूर्वी निनादला ‘साउंडमधलं कळणारा कुणीतरी’ हवा होता, तेव्हा टाइल्सवाल्याने दीनानाथचं नाव सुचवलं. या ग्रुपमध्येही त्याला सगळे ऑपरेटरच म्हणतात. कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर गायकांचे अठ्ठावीस फोटो असतात आणि तळाशी बारीक अक्षरात ‘ऑपरेटर : दीनानाथजी’.

येत्या मार्चमध्ये कारखान्यातून तो निवृत्त होणार होता. मग एक ऑपरेटर संपला असता आणि दुसरा उरला असता, लॅपटॉपचं बटण दाबणारा. ही गोष्ट त्याला घशात काटा अडकावा तशी टोचत होती. म्हणून ग्रुपचा सहावा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा त्याने निनादला गाठलं.

“निनादराव, एक कार्यक्रम लाइव्ह करू. ट्रॅक नको. माणसं मी आणतो. मी कीबोर्ड, एक ढोलकवाला, एक बासरीवाला.”

निनादने विचार केला. खारघरच्या एका ग्रुपने दोन महिन्यांपूर्वी लाइव्ह केलं होतं आणि त्याचे व्हिडिओ अजून सगळीकडे फिरत होते.

“रिस्क आहे काका,” तो म्हणाला. “पण चला, करू ट्राय. जमलं तर दर महिन्याचा पहिला शनिवार लाइव्ह, तुमच्या हाताखाली. फ्लेक्सवर ‘संगीत संयोजन’ म्हणून तुमचं नाव, फोटोसकट. पण नाही जमलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. डन?”

“डन,” दीनानाथ म्हणाला. हा शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा वापरला असावा.

ढोलकवाला म्हणजे जासईचा काशीराम घरत. सहासष्ट वर्षांचा, ऑर्केस्ट्रातला जुना सोबती. जमीन गेली तिथे कंटेनरचं यार्ड झालं. आता मुलाचे चार ट्रेलर आहेत आणि काशीराम मुलाच्या पांढऱ्या गाडीतून ढोलक घेऊन फिरतो. वाजवायची गरज उरलेली नाही, म्हणूनच तो अजून गावोगावच्या लग्नांत, हळदीला वाजवतो. बासरीवाला आनंदा कळंबोलीत लोखंडाच्या वजनकाट्यावर पावत्या फाडतो. दोघेही एका फोनवर आले.

तालमीला रविवारी सकाळी बारा गायक यायचे होते. चार आले. बाकीच्यांचे ग्रुपवर निरोप पडले, ‘ट्रॅकवर प्रॅक्टिस झाली आहे’, आणि खाली अंगठे. आलेल्यांत नीता वर्तक होती. सरकारी विमा कार्यालयात हेड क्लार्क, ग्रुपमधली सगळ्यात गोड गळ्याची बाई असा तिचा लौकिक, आणि तो तिलाही मान्य.

दीनानाथने कीबोर्डवर हात ठेवून विचारलं, “कुठली पट्टी?”

“मायनस टू,” नीता म्हणाली.

“म्हणजे?”

“माझं स्केल हो. या गाण्याला मी मायनस टू घेते. तुम्हीच लावता की दर शनिवारी!”

हे खरं होतं. तोच लावत होता. लॅपटॉपवर उणे चिन्हावर दोनदा टिचकी मारली की गाणं खाली यायचं. ते कुठून निघालं आणि कुठे पोचलं, हे कुणाला माहीत असण्याची गरज नव्हती. काशीरामने ढोलकाची दोरी ओढता ओढता मान वर केली.

“उणे दोन? दिन्या, ह्यो काय थर्मामीटर हाय का?”

“थांब रे काशीदादा.” दीनानाथने हिशोब केला. मूळ गाणं काळी दोनमध्ये होतं. “दोन पट्ट्या खाली म्हणजे काळी एक. बाई, तुमची पट्टी काळी एक.”

नीताचा चेहरा पडला. “काळी का? जरा लो वाटतं हो ते. पांढरी नाही का देता येणार?”

आनंदाने बासरी पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. काशीरामने तेवढे कष्टही घेतले नाहीत.

“दे रं दिन्या, बाईंना पांढरी दे. साडीवर मॅचिंग पायजे.”

“काका, यांना सांगा, जरा सभ्य भाषा,” नीता दीनानाथला म्हणाली.

“आमी सभ्यच हाय,” काशीराम म्हणाला. “तुमी गा.”

तालीम तासाभरात आटोपली, कारण निनादला ब्रंचला जायचं होतं. चौघेही मोबाइलवर शब्द बघून, आणि मोबाइलवरच्या ट्रॅकचा आवाज बारीक चालू ठेवून गायले. दीनानाथने ते पाहिलं. कार्यक्रमात बंद करतील, असं त्याने गृहीत धरलं. त्याची ही एक चूक मोजून ठेवायला हरकत नाही.

वर्धापनदिनाच्या शनिवारी हॉलमध्ये खुर्च्या वाढवल्या होत्या. गायकांनी घरची माणसं आणली होती आणि घरची माणसं मुकाट्याने आली होती. पडदा गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवला होता. लॅपटॉप दीनानाथच्या डाव्या हाताला उघडा होता, त्यावर फक्त गाण्यांची यादी. फ्लेक्सवर त्याचा फोटो होता, पासपोर्टसाठी काढलेला, त्यामुळे तो त्यात एखाद्या गुन्ह्याची कबुली देत असल्यासारखा दिसत होता. पण खाली ‘संगीत संयोजन’ असं होतं.

निनाद जरीच्या जॅकेटमध्ये पुढे आला. बॉसचं वाक्य झालं. सुरुवातीची बासरी आनंदाने अशी वाजवली की मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मोबाइल खिशात ठेवला. बासरी थांबली, काशीरामने ठेका धरला, दीनानाथने सूर दिला आणि निनादसाठी जागा मोकळी झाली.

निनादने माइक तोंडाशी नेला आणि तो थांबला.

तो भिंतीकडे बघत होता. पडदा जिथे असायचा तिकडे. ठेका एकदा फिरला. दीनानाथने पुन्हा सूर दिला. चांगले वादक गायकासाठी थांबतात, तसे ते तिघे थांबले. निनादही थांबला. त्याला कळत होतं की आता गायचं आहे. फक्त शब्द अजून पिवळे झाले नव्हते. दर शनिवारी गाण्याआधी पडद्यावर तीन ठिपके येतात, एकेक विझतो, मग पहिला शब्द पिवळा होतो आणि निनाद सबनीस गाऊ लागतो. सहा वर्षांत त्याने दुसऱ्या कुठल्या खुणेवर तोंड उघडलं नव्हतं. ठेका चौथ्यांदा फिरून आला.

“साहेब, घ्या!” काशीराम मोठ्याने म्हणाला.

“काउंट कुठे आहे?” निनादने दीनानाथला विचारलं. माइक चालू होता, त्यामुळे सगळ्या हॉललाच विचारलं गेलं.

“काउंट नसतो हो लाइव्हमध्ये. सूर देतोय, उचला.”

निनादने उचललं, अर्ध्या ओळीवरून. पहिलं कडवं तसंच फरफटत गेलं. दुसऱ्यात तो पुन्हा भिंतीकडे बघत राहिला, तेव्हा काशीराम त्याच्या सवयीने हळदीत नवऱ्यामुलाच्या मामाला नाचायला उठवावं तसा ओरडला, “हां, चला, उठा आता!” मागे कुणीतरी हसलं. गाणं संपलं तेव्हा टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या.

नीताची तयारी कडक होती. तिने पडद्यावर विसंबायचं नाही असं ठरवून घरी घड्याळ लावून मोजलं होतं. पहिल्या कडव्यानंतरची बासरी बावीस सेकंद. तिने धृपद गायलं, पहिलं कडवं गायलं, काळी एकमध्ये, आणि बरं गायलं. मग आनंदाची बासरी सुरू झाली. मागचा म्हातारा मान डोलावतोय हे आनंदाने पाहिलं आणि तो एका जागेवर रेंगाळला. तीच जागा त्याने फिरवून पुन्हा घेतली, ज्यासाठी माणसं एके काळी नोटा घेऊन स्टेजवर यायची. तेविसाव्या सेकंदाला नीताने दुसरं कडवं सुरू केलं. बासरीवरून, सरळ. आनंदाने बासरी ओठांवरून काढली आणि तिच्याकडे बघितलं. ती न चुकता पुढे गात राहिली. तिच्या बाजूने चूक नव्हतीच.

“त्यांनी एक्स्ट्रा वाजवलं,” खाली उतरताना तिने निनादला सांगितलं. “मी करेक्ट टाइमला घेतलं.”

तिसऱ्या गायकाने माइकच हातात घेतला नाही. “काका, ट्रॅक लावा ना. फॅमिली आलीये माझी.”

निनाद टेबलाशी आला. “पडदा उघडायचा का काका?”

दीनानाथला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. ठरलेल्या अटीप्रमाणे तो हरत होता. पण सहा वर्षं पोटात साठलेलं सगळं खरं ठरलं होतं, चारचौघांसमोर, आणि त्याचा चेहरा भूक भागल्यासारखा दिसत होता.

“पाच मिनिटं द्या,” तो म्हणाला. “गाणारे जरा बसा. काशीदादा, आपलं सुरुवातीचं घेऊ.”

ऑर्केस्ट्राचा पडदा उघडताना ते जे वाजवायचे ते, शब्दांशिवाय, नुसतं वाद्यांचं. यांना एकदा दाखवायचं होतं. तिघांनी सुरू केलं आणि पहिला फेरा असा गेला की काशीराम दात दाखवून हसला. मग ती जागा आली. इथे काशीराम ढोलकावर चढत जायचा, समेवर थाप मारून हात उचलायचा आणि चार मात्रा संपूर्ण मोकळ्या सोडायचा. त्या मोकळ्या चारनंतर कीबोर्डने आत यायचं. तेव्हा दीनानाथ काशीरामच्या खांद्याकडे बघायचा. खांदा खाली आला की हात सुरू.

काशीरामने थाप मारली. हात उचलला. एक, दोन, तीन, चार.

कीबोर्ड आला नाही.

दीनानाथ लॅपटॉपकडे बघत होता. ट्रॅक चालू असला की त्या पडद्यावर एक हिरवी रेघ सरकते. ती कुठे पोचली यावरून पुढे काय येणार ते कळतं. सहा वर्षं दर शनिवारी दोन-अडीच तास त्याची नजर त्या रेघेवर असायची. रेघ सरकत नव्हती. सरकणार कशी, काही लावलेलंच नव्हतं. हे त्याला कळायला एक श्वास लागला. तोवर काशीरामने तीच थाप पुन्हा मारून पुन्हा चार मात्रा सोडल्या होत्या, आणि दीनानाथची बोटं पट्ट्यांच्या वर तशीच होती. तिसऱ्यांदा काशीरामने जागा सोडली नाही. त्याने एकट्यानेच तिहाई घेतली आणि गोष्ट संपवली.

हॉल उठून उभा राहिला. शिट्ट्या झाल्या. दहाबारा मोबाइल वर होते. निनाद धावत आला आणि त्याने दीनानाथचे दोन्ही खांदे धरले.

“काका! तो मधला पॉज! अंगावर काटा आला!”

“तो पॉज नव्हता,” दीनानाथ म्हणाला.

“जे काय असेल ते, क्लास होता. ऐका, फिक्स झालं. महिन्याचा पहिला शनिवार लाइव्ह. फक्त ट्रॅक चालू ठेवू आपण, सेफ्टी म्हणून. तुम्ही ट्रॅकवर वाजवायचं. स्क्रीन पण राहील. फ्लेक्सवर फोटो तुमचाच.” मग वळून तो ओरडला, “फ्रेंड्स, पडदा लावतोय, रांगेने या!”

काशीराम ढोलकाला खोळ घालत होता. दीनानाथ त्याच्याजवळ गेला.

“कल्ला ना तुला काय झाला ते?” काशीरामने वर न बघता विचारलं.

“कळलं.”

“मंग बोल त्याला.”

“बोललो. पॉज नव्हता म्हणून.”

“ते नाय. टेप चालू असताना वाजवायचा नाय, ते बोल.”

दीनानाथने निनादकडे पाहिलं. निनाद पडद्याची दोरी ओढत होता आणि तिसरा गायक माइक पुसत होता.

“एकदोन वेळा करून बघू,” दीनानाथ म्हणाला. “हळूहळू लागेल त्यांना सवय.”

“त्यांना?” काशीराम उभा राहिला. “दिन्या, त्यांचा सोड. ते बिनकामाचे पयल्यापासूनच हाय. तू खांद्याकडं बघत व्हतास रं. आज कुठं बघत व्हतास?”

दीनानाथ वाकून खोळीची दोरी बांधू लागला.

“मना पुन्ना बोलवू नको. हलदीत डीजे हाय तरी बायका नाचतात. इथं कोन नाचत बी नाय, न ऐकत बी नाय.” ढोलक काखेत मारून तो जिना उतरला. आनंदा त्याच्यामागून गेला. जाताना त्याने दीनानाथला हात केला, तो निरोपाचा होता की सुटकेचा, ते कळलं नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी नवा फ्लेक्स लागला. पडदा नव्याने ताणून बसवला होता. निनादची मेव्हणी लॅपटॉप सांभाळायला आली होती. दीनानाथ स्टेजवर, उजव्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या कुर्त्यात कीबोर्डमागे बसला. निनादचं गाणं झालं, शब्द पिवळे होत गेले, एकही ओळ चुकली नाही. दीनानाथने ट्रॅकमधल्या व्हायोलिनच्या जोडीने व्हायोलिन वाजवलं आणि ट्रॅकमधल्या पियानोच्या जोडीने पियानो.

नंतर नीता आली. पहिल्या ओळीनंतर थांबून ती त्याच्याकडे वळली आणि माइक बाजूला धरून म्हणाली, “दीनानाथजी, प्लीज, तुमचा आवाज जरा कमी करा ना. ट्रॅक ऐकू येत नाहीये.”

“हो हो,” तो म्हणाला आणि त्याने आवाजाचं बटण पार खालपर्यंत फिरवलं. नीताने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दीनानाथ वाजवू लागला. तिच्यानंतर एक डॉक्टर गायले, त्यांच्यानंतर निनादची बायको वल्लरी. तिच्या गाण्यात मध्ये एक मोठी, अवघड जागा होती. ती त्याने डोळे मिटून, मान हलवत, दोन्ही हातांनी मनापासून घेतली. आवाज आपण पुन्हा वाढवलेलाच नाही, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा टाळ्या सुरू झाल्या होत्या.